घड्याळ सुरू कर, सरकार

माणूस छत्री विसरतो, चष्मा विसरतो, शेगडीवर ठेवलेलं दूध विसरतो. पण सख्खी बहीण जळत्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर विसरून कोणी खाली येतं का हो? दादा आला. नुसता आला नाही, तर अंगणात उभं राहून आग विझवायला आलेल्या साहेबांना त्याने छातीठोकपणे सांगितलं, "वर कोणी नाही, साहेब. सगळे खाली आलेत."

हे ऐकून कोणीही म्हणेल, काय नालायक भाऊ असेल! तसा असता तर एक वेळ परवडलं असतं. नालायक माणसाकडून कोणी अपेक्षाच ठेवत नाही. पण दादाइतका बहिणीवर जीव टाकणारा भाऊ दिवा घेऊन शोधला तरी सापडला नसता. म्हणूनच त्या दिवशी जे झालं ते बघणाऱ्यांच्या घशाखाली अजून उतरत नाही.

बहीण त्याच्याहून लहान. लहानपणी तिला ताप आला, आणि जाताना तो तिच्या पायांतली ताकद घेऊन गेला. शाळेत घालायची वेळ आली तेव्हा शाळेने नन्नाचा पाढा लावला. पायऱ्या आहेत, बाकं उंच आहेत, पडली-बिडली तर जबाबदारी कोणाची? दादा तेव्हा स्वतः अर्ध्या चड्डीतला, पण मुख्याध्यापकांच्या दारात ठाण मांडून बसला. "पायऱ्या मी चढणार आहे, ती कुठे चढणार आहे?" असं त्याने विचारलं, आणि मुख्याध्यापकांनी तिचं नाव घालून घेतलं. तेव्हापासून तो तिला पाठुंगळीला घेऊन शाळेत नेऊ लागला.

खेळाच्या तासाला सगळा वर्ग मैदानात पळायचा. तेव्हा बाईंनी तिच्यासाठी खास काम काढलं होतं. झाडाखाली बसून सगळ्यांची दप्तरं आणि चपला सांभाळायच्या. दादाला ते फार आवडलं होतं. "बघ, तुझ्यावाचून कोणाचं पान हलत नाही," असं तो परत येताना तिला सांगायचा. ती पाठीवर गप्प असायची. दमली असेल, असं तो समजायचा.

पुढे दादा कापडी खेळण्यांच्या कारखान्यात लागला. तिसऱ्या मजल्यावर एक लांबलचक हॉल, एका बाजूला शिलाई मशिनं, मध्ये कापड बेतणारे, पलीकडे अस्वलं, ससे आणि हत्ती यांच्या पोटात कापूस भरणारे. चढत चढत तो तिथला सुपरवायझर झाला, आणि झाल्या झाल्या मालकीणबाईंच्या मागे लागला की माझ्या बहिणीच्या हाताला फार सफाई आहे. लागला म्हणजे असा लागला की त्या शेवटी हात जोडून म्हणाल्या, "अहो, आणा एकदाची तिला!" तिच्यासाठी त्याने दाराचा उंबरठा काढून टाकला, टेबलाचे पाय स्वतः करवतीने कापले, लिफ्टच्या बटणांची पाटी खाली आणवली. खिडकीशी उजेड चांगला म्हणून तिची जागा खिडकीशी. काम चेहऱ्यांचं. डोळे, नाक आणि तोंड. तिने शिवलेलं अस्वल समोर ठेवलं तर ते आत्ता आपल्याला काहीतरी बोलणार, असं वाटायचं.

आणि ती स्वतः तर अखंड बोलायची. चाकांच्या खुर्चीत ताठ बसून अख्ख्या हॉलवर हुकूम सोडायची, म्हणून सगळे तिला 'सरकार' म्हणत. कापूस भरणारा एक आडदांड माणूस होता, त्याचं नाव आपोआपच 'पैलवान' पडलं होतं. त्याला ती रोज काही ना काही ऐकवायची.

"पैलवान, अस्वलाच्या पोटात कापूस भरतोयस की सासऱ्यावरचा राग काढतोयस? डोळे बाहेर आलेत त्याचे!"

"डोळे तुम्हीच लावलेत, सरकार!"

"मग मी पाडूनही दाखवीन!"

असं ते चालायचं. ती त्यांच्यातलीच होती. कोणी तिला बिचारी म्हणत नव्हतं, कोणी उगाच चुचकारत नव्हतं. हे नीट ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं याच माणसांकडून घडलं.

कारखाना कापसाचा आणि कापडाचा, म्हणजे एक ठिणगी पुरे. त्यामुळे अधूनमधून आगीची तालीम व्हायची. भोंगा वाजला की काम टाकून खाली अंगणात. पहिल्या एक-दोन तालमींत नुसती चेंगराचेंगरी झाली. मग दादाने डोकं लढवलं आणि जोड्या लावून दिल्या. शेजारच्या टेबलावरचा माणूस तुझी जोडी. भोंगा वाजला की एकमेकांचं मनगट धरायचं आणि ते खाली पोचेपर्यंत सोडायचं नाही. अंगणात भिंतीशी उभं राहायचं. दादा ओरडणार, "जोडी?" आणि सगळ्यांनी धरलेले हात वर करायचे. ज्याचा हात रिकामा, त्याचा जोडीदार वर राहिला. इतकं सोपं! कागद नको, हजेरी नको, काही नको. दादाची स्वतःची जोडी शिलाईतल्या मावशीबरोबर होती. मावशी सगळ्यांत वयस्क आणि गुडघ्यांनी बेजार, म्हणून तो तिला घेऊन सगळ्यांच्या शेवटी निघायचा.

जोड्या ठरल्या त्या दिवशी सरकारने विचारलं होतं, "आणि मी?"

"तू कशाला?" दादा हसला होता. "ही काय खरी आग आहे? भोंगा वाजला की लिफ्ट बंद. तुला तीन मजले उचलून न्यायचं, पुन्हा वर आणायचं, त्यात पडलीस-बिडलीस म्हणजे? तू आपली आरामात बस."

पण बहिणीला नुसतं बसवून ठेवणं त्याच्या मनाला लागलं. दुसऱ्या दिवशी तो धावण्याच्या शर्यतीत वापरतात तसलं बटणाचं घड्याळ घेऊन आला आणि तिच्या गळ्यात अडकवलं. भोंगा वाजला आणि दादाने दारातून अंगठा दाखवला की बटण दाबायचं, सगळे हात वर झाले की पुन्हा दाबायचं, आणि खिडकीतून ओरडून वेळ सांगायची.

काय गंमत वाढली म्हणून सांगू! तालमीला शर्यतीचा रंग चढला. हात वर करून सगळे माना मागे टाकून तिसऱ्या मजल्याच्या खिडकीकडे बघत उभे राहायचे, आणि सरकार मुद्दाम ताणून धरायची. "सांगू? सांगू का?" मग वेळ जाहीर करायची. मागच्यापेक्षा कमी असली की टाळ्या, जास्त असली की वरून शिव्यांची बरसात, "गोगलगायींनो, जळून कोळसा झाला असता तुमचा!" आणि खाली हशा.

एकदा तपासणीला एक साहेब आले होते. त्यांनी अंगणातून हे सगळं बघितलं आणि दादाची पाठ थोपटली. "दिव्यांग कर्मचाऱ्यालाही किती छान सहभागी करून घेतलंत तुम्ही!" म्हणाले. दादाची कॉलर आठवडाभर ताठ होती. साहेब तपासून गेले, मालकीणबाईंनी पाहिलं, हॉलमधल्या प्रत्येकाने दरवेळी पाहिलं, आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही की आगीच्या तालमीत एक बाई दरवेळी जळत्या इमारतीत राहतेय. एकाच्याही नाही! इतकी शहाणीसुरती माणसं, पण झापड आली की सगळ्यांना एकदमच येते.

त्या दिवशी दुपारची जेवणं होऊन मशिनं नुकतीच सुरू झाली होती. तळमजल्यावर खेळण्यांना प्लास्टिकची वेष्टणं चढवायचं तापतं यंत्र होतं. त्याच्या वायरीने पेट घेतला, तिथून खोक्यांनी, तिथून कापसाच्या गठ्ठ्यांनी. भोंगा वाजला.

"आज कुठली तालीम?" मावशी करवादली.

दादा जिन्यापाशी गेला. खालून करपट वास आला आणि मागोमाग धुराची एक रेघ. त्याचा आवाज फुटला तो खणखणीत. "खरी आहे! जोड्या धरा! पळायचं नाही, चालायचं!"

काय शिस्त होती! कोणी किंचाळलं नाही, कोणी पिशवी घ्यायला मागे वळलं नाही. मशिनं थांबली, मनगटं धरली गेली, रांग जिन्याने उतरू लागली. दादा मावशीला घेऊन शेवटी. हॉलचं जाड दार, नियमाप्रमाणे, त्याने मागे ओढून घेतलं. जिन्यात धूर होता, डोळे चुरचुरत होते, मावशी देवाचं नाव घेत एकेक पायरी उतरत होती. पहिल्या मजल्यावर दादाने तिला सरळ उचललं आणि बाहेर आणलं.

अंगणात भिंतीशी सगळे उभे होते. दादा खोकत खोकत ओरडला, "जोडी?"

सगळे हात वर. एकही हात रिकामा नव्हता.

पोरंबाळं असलेली माणसं होती ही, आणि त्याने सगळी सुखरूप बाहेर काढली होती. तेवढ्यात आगीचा बंब आत शिरला. बंबाच्या साहेबांनी उडी टाकत विचारलं, "आत कोणी आहे?" आणि दादा म्हणाला ते तुम्हाला सांगितलंच आहे.

"नक्की?"

"नक्की. जोड्या पुऱ्या आहेत."

"शाब्बास," साहेब म्हणाले आणि माणसांना तळमजल्यावर पाणी मारायला पिटाळलं.

आता भिंतीशी उभ्या त्या माणसांकडे बघा. भेदरलेली, काळवंडलेली, पण जिवंत. हात अजून वरच. आणि हात वर झाल्यावर पुढे काय करायचं ते त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. एकेक करत सगळ्यांनी माना मागे टाकल्या आणि तिसऱ्या मजल्याच्या खिडकीकडे बघितलं. वेळ ऐकायला. कोणी कोणी तर हसत होतं. आज विक्रमच झाला असणार!

दादानेही वर बघितलं.

खिडकीत सरकार होती.

अर्धी बाहेर वाकलेली, दोन्ही हातांनी चौकट धरलेली, आणि तिच्या डोक्यावरून करडा धूर बाहेर येत होता. गळ्यातलं घड्याळ खाली लोंबत होतं. ती काही ओरडत नव्हती. खाली उभ्या हसऱ्या चेहऱ्यांकडे नुसती बघत होती.

वर केलेले हात तसेच राहिले. मग मावशीच्या तोंडून एक अशी किंकाळी फुटली की ती ऐकून बंबवाले मागे वळले.

दादा धावला. जिन्याच्या तोंडातून आता काळा लोळ बाहेर पडत होता. त्यात तो शिरणार तोच पैलवानाने त्याला मागून घट्ट धरलं. "सोड! सोड मला! माझी बहीण आहे वर!" दादा त्याला लाथा मारत होता, चावत होता. पैलवान रडत होता, पण सोडत नव्हता.

"दादा!" वरून आवाज आला. "आत येऊ नकोस! शिडी लावायला सांग त्यांना!"

शिडी तोपर्यंत वर निघालीच होती. बंबवाल्यांपैकी एक जण सरसर चढला, तिच्या काखांत हात घालून तिला बाहेर ओढलं आणि खांद्यावर टाकलं. तिचे पाय हवेत लोंबकळत होते. दादा खाली हात पसरून उभा होता, जणू तो तिला झेलणार होता. ती खाली आली तेव्हा तिचा चेहरा काजळीने माखला होता, आणि खोकल्याची उबळ काही केल्या थांबत नव्हती. दादाने तिला धरायला हात पुढे केले. बंबवाल्याने ती त्याच्याकडे दिली नाही, सरळ स्ट्रेचरवर ठेवली.

साहेब दादासमोर येऊन उभे राहिले. "वर कोणी नाही, असं कोण म्हणालं होतं?"

"मी."

"ही कोण तुमची?"

"बहीण."

साहेबांनी मग एवढंच सांगितलं, की वरचं दार बंद होतं म्हणून धूर आत उशिरा शिरला, नाहीतर ती हाती लागली नसती. ते दार आपणच तिच्यावर ओढून घेतलं होतं, हे दादाला तेव्हा आठवलं, आणि तो भिंतीशी जाऊन ओकला.

दवाखान्यात आई आली. लेकीच्या नाकाला लावलेली नळी बघितली, कपाळावरून हात फिरवला, मग दादाला बाहेर बोलावलं. तो थोबाडीत खायला तयार होता. खरं तर त्याला ती हवीच होती. पण आईने हात उचलला नाही. तिला बिचारीला खरंच कळत नव्हतं, म्हणून ती विचारत होती.

"तिला खाली आणायचं काम कोणाचं होतं रे?"

दादा विचार करू लागला. पैलवानाची जोडी शेजारच्या बेतणाऱ्याशी. शिलाईवाल्यांच्या जोड्या आपापसात. त्याची स्वतःची मावशीशी.

"कोणाचंच नव्हतं, आई," तो म्हणाला, आणि आपल्याच तोंडून आलेलं वाक्य ऐकून मटकन खाली बसला.

पुढचे दिवस तो माणसांत नव्हता. जेवायला वाढलं की खायचा, नाही वाढलं तर मागायचा नाही. विसरलो कसा? हे एकच त्याच्या डोक्यात घोळत होतं. घाबरून विसरलो म्हणावं तर घाबरलो नव्हतो. मावशीचे गुडघे लक्षात राहिले, दार ओढायचं लक्षात राहिलं, आणि जिला पाठीवर घेऊन लहानाचा मोठा झालो ती नाही? झोपेत तो दचकून उठायचा आणि पाठ चाचपायचा.

कारखाना डागडुजी होऊन पुन्हा सुरू व्हायच्या बेताला मालकीणबाई घरी आल्या. त्यांचाही चेहरा उतरलेला होता. सरकार खाटेवर उशीला टेकून बसली होती, आवाज अजून घोगरा होता. मालकीणबाई तिचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "आता तू मुळीच यायचं नाहीस. आम्ही सामान घरी पाठवू. घरी बसून निवांत चेहरे शिव. पगार तोच, सगळं तेच. फक्त तुझ्या जिवाला घोर नको."

दादाच्या छातीवरचा दगड उतरला. "हेच बरं," तो घाईघाईने म्हणाला. "सरकार, हेच बरं. घरी आई आहे, तळमजला आहे..."

सरकारने मालकीणबाईंच्या हातातून आपला हात सोडवून घेतला.

"दादा," ती म्हणाली, "शाळेत खेळाच्या तासाला मी काय करायचे?"

"काय करायचीस? दप्तरं सांभाळायचीस."

"आणि चपला. सगळ्यांच्या चपला. त्यांच्या वासात बसायचे मी. तू म्हणायचास, तुझ्यावाचून कोणाचं पान हलत नाही. अरे, मला पान हलवायचं नव्हतं, मला मैदानात जायचं होतं! मला मैदानाच्या कडेला नेऊन ठेवलं असतं आणि चेंडू पायाला लागला असता तरी चाललं असतं. कोणाच्या डोक्यातच आलं नाही. चपला झाल्या, मग घड्याळ झालं, आता घर सांभाळ म्हणताय?"

"अगं, पण जीव..."

"जीव गेलाच होता की! तो काय मी कामावर आले म्हणून जात होता? तुम्ही मला मोजलं नाही म्हणून जात होता!" तिला खोकला आला. आई पाणी घेऊन धावली. सरकारने भांडं बाजूला सारलं. "मी येणार. आणि पहिल्या दिवशी तालीम होणार. त्यात मी खाली जाणार. पडले तर पडले. नाहीतर तुमचं सामानही नको आणि तुमची अस्वलंही नकोत."

मालकीणबाईंनी दादाकडे बघितलं. दादा जमिनीकडे बघत होता. लहानपणी परत येताना पाठीवर जे ओझं गप्प असायचं, ते दमलेलं नव्हतं, हे त्याला इतक्या वर्षांनी कळत होतं.

ती आली. हॉलला नवा रंग लागला होता, पण खालचा जळका वास अजून भिंतींतून गेला नव्हता. जिन्यातून माणूस बसवून उतरवता येतो अशी पट्ट्यांची खुर्ची मालकीणबाईंनी आणवली होती. पैलवान आणि बेतणारा तिच्या दोन बाजूंनी. जोडीचं मनगट कोणी धरायचं यावरून वादच झाला, कारण सगळ्यांनाच धरायचं होतं. शेवटी मावशी म्हणाली, "मेल्यांनो, तेव्हा कुठे होतात? आणि मी तरी कुठे होते!" आणि पदर डोळ्यांना लावून तिने स्वतःच सरकारचं मनगट धरलं. थट्टा कोणी केली नाही. या हॉलमध्ये असं प्रथमच घडत होतं.

भोंगा वाजला. नुसता त्याचा आवाज ऐकून अर्ध्या लोकांचे चेहरे पांढरे पडले. तरी मशिनं थांबली, मनगटं धरली गेली, रांग निघाली. पैलवान आणि बेतणारा सरकारला चाकांच्या खुर्चीतून उचलून पट्ट्यांच्या खुर्चीत बसवू लागले. त्याला वेळ लागत होता. एक पट्टा अडकला होता.

दादा दारापाशी पोचला. दाराच्या मुठीवर हात ठेवला. सवयीने मागे वळला.

आणि त्याचा उजवा हात आपोआप वर गेला. अंगठा ताठ, खिडकीकडच्या जागेच्या दिशेने. ओठांवर शब्द आलेच होते, "घड्याळ सुरू..."

तो तिथल्या तिथे थिजला. आपल्याच हाताकडे तो असा बघत राहिला की जणू तो दुसऱ्या कोणाचा आहे.

सरकारने पट्ट्यांच्या खुर्चीतून ते पाहिलं होतं. ती रागावली नाही. फार शांत आवाजात म्हणाली, "त्या दिवशीही असंच केलंस."

"काय?" दादाने विचारलं.

"सगळे गेले. तू दारात वळलास. मी हाक मारली, दादा म्हणून. तू थेट माझ्याकडे बघितलंस. अंगठा दाखवलास, 'घड्याळ सुरू कर, सरकार' म्हणालास, आणि दार ओढून गेलास."

म्हणजे तो विसरला नव्हता! इतके दिवस तो विसरलो विसरलो म्हणून स्वतःला खात होता. त्याने तिला बघितलं होतं. डोळ्यांत डोळे घालून बघितलं होतं, आणि तरी निघून गेला होता. पैलवानाच्या हातातला पट्टा सुटला. मावशीने तोंडावर हात दाबला.

"मग तू..." दादाने दाराची मूठ सोडली. "मग तू ओरडली का नाहीस? शिव्या का नाही दिल्यास मला?"

सरकारची बोटं गळ्यापाशी गेली, जिथे ते घड्याळ असायचं.

"मी बटण दाबलं, दादा," ती म्हणाली. "तू सुरू कर म्हणालास आणि मी सुरू केलं. बराच वेळ मी घड्याळाकडेच बघत होते. दाराखालून धूर आला तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की आपल्यालाही जायचं असतं."

भोंगा वाजतच होता. दादा दारातून मागे आला, तिच्यासमोर पाठ करून खाली बसला, जसा शाळेच्या पायरीशी बसायचा.

"ऊठ," सरकार म्हणाली. "पाठ नको आता. पट्टा लाव नीट, आणि चल."

त्याने पट्टा लावला. पहिल्यांदा वाकडा बसला, म्हणून दोनदा लावावा लागला. जिन्यात एका वळणावर खुर्ची अडली, पैलवानाचा पाय मुरगळला, सरकारने त्याला अस्सल शिवी घातली, आणि पुढे गेलेली रांग त्यांच्यासाठी थांबली. मजल दरमजल करत ते सगळे अंगणात आले. आजवरची सगळ्यांत रखडलेली, सगळ्यांत गचाळ तालीम होती ती.

भिंतीशी सगळे उभे राहिले. "जोडी?" दादा ओरडला.

सगळे हात वर झाले. सरकारचाही झाला, मावशीच्या हातात धरलेला. आणि मग, सवय मोठी वाईट, एकेक करत सगळ्यांनी माना मागे टाकल्या आणि तिसऱ्या मजल्याच्या खिडकीकडे बघितलं. सरकारनेही बघितलं.

खिडकीत कोणी नव्हतं.